प्लास्टिकखालचे थेंब

४ मार्च, मंगळवार

आलो एकदाचे नव्या घरात! ट्रकवाल्यांनी माझं कपाट तीनदा आपटलं आणि तिन्ही वेळा "काही नाही झालं बाई" म्हणून मलाच समजावलं, तेवढं सोडलं तर सगळं निर्विघ्न पार पडलं. घर जुनं आहे पण मजबूत. तळमजला, पुढे दोन खोल्या, मधे स्वयंपाकघर आणि मागे ती मोठी खोली, जिच्यासाठी मी हे घर घ्यायला लावलं. तिला दोन रुंद खिडक्या आहेत, ऊन संध्याकाळपर्यंत रेंगाळतं. ही गट्टूची खोली.

गट्टू म्हणजे माझा नातू. आठ महिन्यांचा, नुकता रांगायला लागलाय आणि जे दिसेल ते चाटतो. लेकीची रजा संपतेय. तेवीस तारखेला, रविवारी, ती त्याला घेऊन इथे येणार आणि सोमवारी कामावर रुजू होणार. दिवसभर गट्टूला कुणी सांभाळायचं यावरून विहीणबाई आणि मी गेले दोन महिने गोड बोलून एकमेकींना ओरबाडतोय. त्यांच्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की पोराची छाती नाजूक आहे, गार फरशीवर सोडू नका. तेव्हा लेकीने सरळ अट घातली: तेवीसच्या आत मागच्या खोलीत लाकडी फरशी झाली तर गट्टू माझ्याकडे, नाहीतर तिकडे. पोटची पोर, पण बोलणं एखाद्या वकिलासारखं.

घराच्या आधीच्या मालकीणबाई, निवृत्त मास्तरीण, किल्ल्या द्यायला स्वतः आल्या. काठी टेकत मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या, आत मात्र पाऊल टाकलं नाही. म्हणाल्या, बाकी घराचं काय करायचं ते करा, ही खोली उघडी ठेवा, जमिनीवर काही अंथरू नका, तिला वारा लागू द्या. चाळीस वर्षांत त्यांनी तिथे साधी चटई टाकली नव्हती म्हणे. खरंच, सगळ्या घराला फरशा आणि तिथे नुसता सिमेंटचा कोबा. मी मान डोलावली, म्हाताऱ्या माणसांपुढे डोलवतात तशी. त्यांचं वय झालंय आणि आम्हीही काही तरुण नाही, पण एवढं खूळ अजून लागलेलं नाही.

६ मार्च, गुरुवार

फरशीवाले मिस्त्री येऊन गेले. कानावर एक पेन्सिल, खिशात दुसरी, आणि दोन्ही सोडून तिसरी शोधत होते. पण माणूस कामाचा पक्का. हे इंजिनिअर्ड लाकूड म्हणजे वर अस्सल लाकडाचा पातळ थर आणि खाली आडवे-उभे चिकटवलेले प्लायवूडचे थर. अख्ख्या लाकडाइतकं ते फुगत-आकसत नाही, पण खालून ओल आली तर त्याचंही काही चालत नाही, असं ते म्हणाले. म्हणून आधी जमिनीची परीक्षा. कोबा घासून साफ करायचा, त्यावर तीन ठिकाणी हातभर प्लास्टिकचे तुकडे चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवायचे आणि तीन दिवस हात लावायचा नाही. प्लास्टिकच्या आत थेंब धरले किंवा सिमेंट काळं पडलं, तर जमीन ओली. मग आधी ओल अडवणारा लेप द्यायचा आणि तीन आठवडे वाळू द्यायचं.

मी विचारलं, ओल मोजायचं यंत्र नसतं का? म्हणाले, असतं, पण यंत्र खोटं बोलेल, प्लास्टिक नाही बोलणार. आमच्या ह्यांनी लगेच मिस्त्रींची बाजू घेतली. ह्यांना कुणाचीही बाजू घ्यायला आवडते, फक्त माझी सोडून.

७ मार्च, शुक्रवार

फळ्यांची बावीस खोकी आली. मिस्त्रींनी ती मागच्या खोलीतच भिंतीकडेला आडवी रचून ठेवली. लाकडाला खोलीची हवा मानवावी लागते, तीन दिवस तसंच पडू द्यायचं, नव्या घरात रुळू द्यायचं. त्यांनी कोबा घासला, झाडला, प्लास्टिक चिकटवलं. दोन तुकडे भिंतींजवळ, एक मधोमध.

मी पाठोपाठ पुन्हा झाडून घेतलं. एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात पर्यवेक्षक होते मी. रोज चारशे चादरी डोळ्यांखालून जायच्या. डाग नुसता बघून सांगायचे, हे रक्त, हा पू, हे औषध, ही ओकारी. पोरी नाकाला पदर लावायच्या, मी नाही. मला माणसाच्या कशाचीच किळस वाटत नाही, असं मी अभिमानाने सांगत आलेय.

८ मार्च, शनिवार

हात लावायचा नाही असं सांगितलं की माझा हात शिवशिवतो. नुसतं बघायला गेले. भिंतींजवळचे दोन्ही तुकडे कोरडे. मधला आतून धुरकट झालाय. वाकून बघितलं तर थेंबच थेंब, जवळजवळ बसलेले, मोठाले.

तीन आठवडे! तीन आठवड्यांत गट्टू विहीणबाईंच्या गालिच्यावर चालायला लागेल आणि मला बघून रडेल.

मी टेपची एक कड नखाने अलगद सोडवली, फडकं आत घातलं आणि पुसून घेतलं. केस वाळवायचं यंत्र आणून पाच मिनिटं फिरवलं. टेप होती तशी लावली. झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढ्याशा ओलीने काय होतंय, घर इतकी वर्षं उभं आहे.

फक्त एक. प्लास्टिक सोडवलं तेव्हा आतून वास आला. कुबट ओलीचा नाही. सकाळी उठल्यावर माणसाच्या तोंडाला येतो तसा, आंबूस, कोमट. मी तोंड फिरवलं आणि काम उरकलं.

९ मार्च, रविवार

पुन्हा ओलं. कालच्यापेक्षा जास्त. प्लास्टिक वर फुगलं होतं आणि बोट टेकवलं तर खालून ऊब लागली. खोलीत ऊन येतं, त्याचीच असणार. मी पुन्हा पुसलं. या वेळी ते पाणी फडक्याला धरेना, तार निघाली. लांब, चकाकती, तुटता तुटेना अशी तार. मला चक्क किळस वाटली. मला!

कालचं फडकं मागच्या दांडीवर वाळलं होतं. हातात घेतलं तर मधोमध कडक, कडेला पिवळट वळ. हा डाग मी हजारो उशांच्या अभ्र्यांवर बघितलाय. झोपेत तोंड उघडं राहणाऱ्यांच्या उशीवर असाच पडतो.

मी फडकी टाकून दिली. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराला सगळे हसतात, पण मांजराची काय अडचण असेल ते कुणी विचारत नाही.

१० मार्च, सोमवार

मिस्त्री दहाला येणार होते. मी पावणेदहाला शेवटचं पुसलं. त्यांनी तिन्ही तुकडे उचलले, सिमेंटवर तळवा फिरवला. मधल्या जागी जरा थांबले. म्हणाले, उबदार लागतेय. मी म्हटलं, ऊन येतं ना. मग त्यांनी माझ्याकडे बघून सरळ विचारलं, तुम्ही घरात होतात, तीन दिवसांत एकदाही इथे ओल दिसली नाही? मी म्हटलं, एकदाही नाही. इतकं सहज बोलले की माझं मलाच नवल वाटलं.

उद्यापासून काम सुरू.

१२ मार्च, बुधवार

दोन दिवस ठोकाठोकी. पण बघायला मजा आली. खाली फोमचा थर, त्यावर फळ्यांच्या ओळी. प्रत्येक फळीच्या एका कडेला खाच, दुसरीला त्या खाचेत बसणारी पट्टी. मिस्त्री तिरकी धरून आत सरकवतात, लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने दोनदा टकटक करतात, की सांधा गडप. एका ओळीचा सांधा शेजारच्या ओळीसमोर येऊ द्यायचा नाही. भिंतीलगत चारी बाजूंनी करंगळीएवढी फट सोडली, तिथे पाचरी लावल्या. लाकूड फुगलं-आकसलं तर त्याला जागा हवी.

मिस्त्रींना चहा दिला. ते म्हणाले, खोलीच्या मधे फळी ठोकली की आवाज वेगळा येतो, भरीव. जरा वेळाने म्हणाले, नाही, भरीवही नाही. मग कसा ते त्यांना सांगता येईना.

१३ मार्च, गुरुवार

झाली! भिंतीलगतच्या पट्ट्या बसल्या, फट झाकली गेली, पाचरी निघाल्या. मधाच्या रंगाची फरशी, उन्हात अशी काही दिसते की बघत राहावं. मिस्त्री बजावून गेले की ओल्या फडक्याने पुसायची नाही, नुसती कोरडी झाडायची. मी लेकीला फोनवर फिरवून फिरवून दाखवली. ती हरखली. विहीणबाई मागून डोकावल्या आणि म्हणाल्या, छान आहे हो, पण लाकूड म्हणजे देखभाल फार. जळो ती देखभाल!

अनवाणी चाललं तर पायांना ऊब लागते. गट्टूच्या छातीला चांगलीच.

१५ मार्च, शनिवार

या फरशीवर कचरा होत नाही! काल आमच्या ह्यांनी तिथे बसून बिस्किटं खाल्ली, निम्मा चुरा खाली. मी रागावून झाडू आणायला गेले, आले तर चुरा नाही. ह्यांना वाटलं मी झाडला, मला वाटलं ह्यांनी उचलला. आज मुद्दाम चिमूटभर साखर टाकून बघितली. जेवून परत आले तर लख्ख. इतकी वर्षं मी झाडूशी संसार केला, आणि आता म्हातारपणी असं सुख! ह्यांना म्हटलं, तुमच्यापेक्षा फरशीला वळण आहे.

हे आता दिवसभर तिथेच असतात. पेपर, चष्मा, रेडिओ, सगळं तिकडे नेलंय.

१७ मार्च, सोमवार

ह्यांच्या टाचांना वर्षानुवर्षं भेगा आहेत. मलमं झाली, दगडाने घासून झालं. आज दुपारी पाय पुढे करून मला म्हणाले, बघ. टाचा गुळगुळीत. भेग नाही, कडक कातडं नाही, गुलाबी, बाळाच्या असतात तशा. अनवाणी चालण्याचा गुण म्हणाले, स्वारी खूश.

मी पाय हातात घेऊन बघितला. तळव्यावरच्या रेषा पण गेल्यात. कातडं पांढरट, पाण्यात भिजून सुरकुतल्यासारखं. आणि तो वास. मी ह्यांना साबणाने पाय धुवायला लावले. मग माझे हात धुतले. मग पुन्हा धुतले.

१८ मार्च, मंगळवार

मधल्या ओळींच्या सांध्यांतून ओल वर येतेय. थेंब नाहीत, पातळ चकाकी. फळ्यांच्या कडा उचलल्यात, बोट फिरवलं तर लागतात. मी कोरड्या फडक्याने पुसलं. फडकं चिकटलं. ओढलं तर तार निघाली, आणि काय सांगू, सांध्यातून ती तार परत आत ओढली गेली. मी बघितलं. शेवई ओढतात तशी.

मोरीत जाऊन ओकले.

हे दुपारी तिथेच झोपले होते, गाल फरशीला लावून. उठवलं तेव्हा गाल सुटताना ओला आवाज आला. त्या बाजूची दाढीची खुंटं गेली आहेत. एका बाजूला पांढरी खुंटं, दुसऱ्या बाजूला काही नाही. हसून म्हणाले, दाढी करायचे कष्ट वाचले. मला ह्यांच्या हसण्याचीच शिसारी आली, देव मला क्षमा करो.

लेकीचा फोन. फरशी कशी आहे? म्हटलं, ठणठणीत.

१९ मार्च, बुधवार

सकाळी फरशीच्या मधोमध झुरळ पडलं होतं. जिवंत होतं. पाय नव्हते, पंख नव्हते, मिशा नव्हत्या. पांढरं, मऊ, स्वच्छ. धुऊन काढल्यासारखं. ते वळवळत होतं आणि त्याच्याखालची फळी किंचित खाली-वर होत होती. मी कागदाने उचलायला गेले तेव्हा ते सांध्यात गेलं. पळालं नाही. ओढलं गेलं.

मास्तरीणबाईंना फोन लावला. मी काही बोलायच्या आधी त्यांनी विचारलं, झाकलीत ना? उत्तराची वाट न बघताच म्हणाल्या, उघड्यावर ती वाळते, वाळली की निजून असते. त्यांना लहानपणी त्यांच्या आजीने सांगितलं होतं आणि त्यांनी ते पाळलं, बस, त्यापलीकडे त्यांनाही काही ठाऊक नाही. झाकलं की ओल राहते, आणि ओल राहिली की भूक लागते. सगळं उचला, महिनाभर वारा द्या, तोवर कुणाला तिथे बसू देऊ नका. लहान मूल तर अजिबात नाही. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे लहान मूल नाही ना?

मी म्हटलं आवाज तुटतोय आणि फोन ठेवला.

२० मार्च, गुरुवार

मिस्त्रींना बोलावलं. फुगलेल्या कडा बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कोपऱ्यातली भिंतीलगतची पट्टी काढली. करंगळीएवढी फट सोडली होती ना, ती रिकामी नव्हती. काहीतरी भरून आलं होतं, गुलाबीसर, ओलं, वर बारीक बारीक पुळ्या. मिस्त्रींनी पटाशीचं टोक लावलं. ते मागे गेलं. मग हळूच पुढे आलं आणि पटाशीवरून सावकाश फिरलं, टोकापासून मुठीपर्यंत.

मिस्त्री म्हणाले, बुरशी आहे. पण पटाशी तिथेच टाकली आणि स्वयंपाकघरात येऊन तीनदा हात धुतले. मग हात पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, विचारलं: प्लास्टिक खरंच कोरडं होतं?

तेव्हाच सांगायचं होतं. जीभ रेटेना. म्हटलं, होतं.

ते म्हणाले, मग माझं काही चुकलं असेल. तीस वर्षांत असं झालं नाही. उद्याच माणसं आणून सगळं उचलतो म्हणाले. मी म्हटलं, तेवीसनंतर. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं—

त्यांच्यावर येऊ दिलं मी. त्या भल्या माणसावर.

२१ मार्च, शुक्रवार

खोलीला कुलूप घातलं. लेकीला सांगणार, पॉलिश वाळतंय, महिनाभर पुढच्या खोलीत जाजम टाकून भागवू. ह्यांना बाहेर काढलं तेव्हा रुसले. दिवसभर दारापाशी खुर्ची टाकून बसलेत. पायांची नखं—

नखं नाहीत. दहाही. दुखत नाही म्हणतात. बरं वाटतं म्हणतात.

माझा फोन अंगठ्याने उघडत नाही. दहा वेळा प्रयत्न केला. मग उजेडात अंगठा बघितला. रेषा नाहीत. पुसायचं फडकं धरलेल्या सगळ्या बोटांवर नाहीत. नुसतं गुळगुळीत. ते मला चाटत होतं आणि मी समजत होते की मी पुसतेय.

पाच वेळा आंघोळ केली.

२२ मार्च, शनिवार

दाराखालून ओल आलीय. स्वयंपाकघराच्या फरशीवर हातभर. पुसली नाही. हात लावणार नाही. झाडूने राख टाकली, राख गेली.

वास सगळ्या घरात. उशीला. भांड्यांना. माझ्या तोंडाला. घास तोंडात फिरला की वाटतं मीपण—

लेकीला फोन करायचा, येऊ नको म्हणायचं. केला. तिनेच उचलला, पाठीमागे गट्टू खिदळत होता. म्हणाली, आई, बरं झालं बाई तू आहेस, तुझ्याशिवाय मी कुणावर सोडणार त्याला? मी म्हटलं, ये. जपून ये.

काय बाई आहे मी.

२३ मार्च, रविवार, दुपार

लेक लवकर आली. संध्याकाळी येणार होती, विहीणबाईंशी वाजलं म्हणून वैतागून निघाली. गट्टू माझ्याकडे झेपावला, गालाला तोंड लावलं. बाळाची लाळ वेगळी असते, तिला दुधाचा वास असतो. मला रडू फुटलं. लेकीला वाटलं आनंदाने.

तिला सांगायला तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं. म्हणून न्हाणीघरात येऊन बसलेय, दार लावून. तोंडाने नाही जमत तर लिहून. ही वही आता तिच्या हातात देणार. सगळी. तिने वाचावी, माझ्या तोंडावर थुंकावं आणि गट्टूला घेऊन आत्ताच्या आत्ता जावं. तिकडे ठेव त्याला, बाळे. गालिच्यावर ठेव. त्या चांगल्या आहेत गं, मीच वाईट बोलले.

मी प्लास्टिक पुसलं. तीन वेळा. तू मिस्त्रींना फोन करून सांग, त्यांचं काही चुकलं नाही. मी पुसलं. तू माझ्याकडे यावंस म्हणून, तो माझ्याकडे यावा म्हणून. मागच्या खोलीत पाऊल टाकू नकोस. कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला आहे. बाबांना त्याच्याजवळ—

दुसरी किल्ली. मास्तरीणबाईंनी या कुलपाच्या दोन दिल्या होत्या. दुसरी कुठे—

गट्टू हसतोय. गुदगुल्या केल्यावर हसतो तसा. पुढच्या खोलीतून नाही.

हे काहीतरी म्हणतायत. बघ कसा आवडला त्याला.

हसणं थांबलं.

लेक हाक मारतेय. आई, फडकं आण गं, किती लाळ गाळलीय याने, दात येतायत वाटतं. बघ कसा शांत पडलाय पालथा, उचलतेय तर सुटत नाही—

एकतीस वर्षं बघितलीय मी. एवढी लाळ एका बाळाची नसते—